नकाशावरील नोंद की गूगल अ‍ॅड्स: पहिली सेवा कोणती?

स्थानिक व्यावसायिकांसाठी स्वतंत्रपणे ऑनलाइन मार्केटिंग करू पाहणाऱ्या एका मैत्रिणीपुढे प्रश्न आहे, की सुरुवातीला गूगल नकाशावरील व्यवसायाची नोंद सुधारून द्यावी की गूगल अ‍ॅड्स चालवाव्यात.

नोंद विनामूल्य असल्यामुळे व्यावसायिकाला केवळ सेवा देणाऱ्याच्या श्रमांचा मोबदला द्यावा लागतो. जाहिरातीत या मोबदल्याखेरीज प्रत्येक क्लिकचा खर्चही असतो आणि तो व्यावसायिकाच्याच खात्यातून थेट व्हावा, असा माझा आग्रह आहे, कारण तो पैसा आपल्या हातून फिरू लागला की हिशेबाचे वाद उद्भवतात.

टिकाऊपणातील फरक याहून मोठा आहे. जाहिरात थांबली की तिच्यातून येणाऱ्या चौकशा थांबतात. नोंदीचे स्थान मुख्यतः शोधाशी सुसंगतता, अंतर आणि व्यवसायाची ख्याती यांवर ठरते. अंतर आपल्या हाती नसले, तरी योग्य वर्गवारी, अचूक वेळा, खरी छायाचित्रे आणि अभिप्रायांना दिलेली उत्तरे पुढेही उपयोगी पडत राहतात. विकतचे अभिप्राय नियमबाह्य आहेत. ते काम स्वीकारूच नये.

वेगात मात्र जाहिरात निःसंशय पुढे आहे.

म्हणून नवा व्यवसाय किंवा तातडीची दुरुस्ती करणारा व्यावसायिक यांना जाहिरात सोयीची. मोजक्या खर्चात एकाच जागी दीर्घकाळ व्यवसाय करणाऱ्याला, आणि अनुभव जमवू पाहणाऱ्या माझ्या मैत्रिणीलाही, नोंदीचे काम अधिक योग्य.