रक्त कमी की बीपी कमी?

खानापूरच्या आमच्या काकूंना चक्कर आली की त्या म्हणणार, "रक्त कमी झालंय गं." शेजारीण म्हणणार, "छे, बीपी लो असंल." उपाय दोघींचा एकच, बीट!

रक्तक्षय म्हणजे अंगातलं रक्त आटणं नव्हे. रक्तातलं हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारा लाल घटक, कमी पडणं. गरोदर नसलेल्या बाईत डेसीलिटरला 12 ग्रॅमच्या खाली, पुरुषात 13 च्या खाली. रक्त तपासल्याशिवाय आकडा कळत नाही. कन्नडमध्ये याला 'रक्तहीनते' म्हणतात. शब्दशः घेतलं तर रक्तच नाही! त्यापेक्षा आपला 'क्षय' बरा, फक्त तो ऐकून लोकांना टीबी आठवतो.

लो बीपी वेगळा. तिथं रक्ताचा धमन्यांवरचा दाब उतरतो, साधारण 90/60 च्या खाली. दंडाला पट्टा बांधला की मिनिटात कळतं. जुलाब झाले, उन्हात पाणी कमी पडलं, तरी दाब उतरतो.

काकूंचं हिमोग्लोबिन निघालं 9.4 आणि बीपी 118/76. लोहाची गोळी त्या रोज घेत होत्या म्हणे, पण चहाच्या घोटाबरोबर. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.