वही आधी की आत्या आधी?

यंदा दिवाळीत वंशावळ लिहायला घ्यायचीच असं ठरवलेल्या दोघा-तिघांनी मला एकच गोष्ट विचारली. आधी नाशिकला पंचवटीतल्या रामकुंडावर जाऊन तीर्थोपाध्यायांकडची घराण्यांच्या नोंदींची वही बघावी, की आधी घरातल्या जुन्या माणसांशी बोलावं? मी आधी वही पाहिली, मग आत्याजवळ बसलो. पुन्हा सुरुवात करायची झाली तर बहुधा उलट करीन. पण वहीचं मोल मला कमी करायचं नाही, म्हणून तिच्याबद्दल आधी.

पंचवटीत पहिला प्रश्न येतो, "गाव कोणतं?" मग आडनाव. शोध त्यावरूनच लागतो. इथे गाव म्हणजे मूळ गाव. मी पहिल्या खेपेला निफाड सांगितलं आणि हात हलवत परत आलो. आम्ही निफाडचे झालो ते पणजोबांच्या वेळी, त्याआधीचे चांदवडकडचे. हे चुलत्यांना फोन केल्यावर कळलं. दुसऱ्या खेपेला पाऊण तासात पान निघालं. शके १८६०, कार्तिक मास. शकात ७८ मिळवले की १९३८. पणजोबांच्या अस्थी घेऊन आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ आले होते. नोंद मोडी लिपीत, त्यामुळे गुरुजी बोट फिरवत वाचत गेले आणि मी ऐकून लिहून घेत गेलो. खाली आजोबांची सही होती, शेवटचं अक्षर लांब ओढलेलं. आजोबांना मी पाहिलेलं नाही. सहीवर बोट ठेवू का म्हणून विचारलं, तर गुरुजींनी वही माझ्याकडे सरकवली. हा अनुभव दुसरीकडे कुठे मिळेल असं मला वाटत नाही.

कार्तिकात मात्र तिथे निवांतपणा मिळणं कठीण. सुट्टीची गर्दी, स्नानाची गर्दी, त्यात त्रिपुरारी पौर्णिमा. त्र्यंबकेश्वरी त्या दिवशी रथोत्सव असतो, म्हणजे तिकडेही तेच. गुरुजींच्या मागे दोन कुटुंबं विधीसाठी थांबलेली असताना चौथा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही.

पण गर्दीचं काय, दुसऱ्या दिवशी जाता येतं. मला जे खुपलं ते वेगळंच होतं, आणि ते भाऊबीजेला कळलं.

आमच्याकडे भाऊबीजेला तिन्ही आत्या माहेरी येतात. थोरली त्र्याऐंशी वर्षांची. दुपारी जेवणं उरकल्यावर ती ओसरीवर त्रिपुराच्या वाती वळत बसली होती. मी शेजारी बसून वहीतून उतरवलेला कागद वाचून दाखवला. पणजोबा, त्यांचे तीन मुलगे, सुनांची नावं. तिचा हात थांबला. कापूस तसाच बोटांत.

"आणि अक्का?"

अक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. हे नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. त्याच सुमारास मानमोडीच्या साथीत पणजी गेली आणि तिन्ही भाऊ अक्कानं वाढवले. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. "अस्थी घेऊन गेले ना नाशिकला, तेव्हा अक्का होती गाडीत. भाकऱ्या तिनंच बांधल्या होत्या. मला सांगायची ती," आत्या म्हणाली, आणि मानेनंच देवघराकडे खूण केली. "तो गंगेचा गडू तिनंच आणलेला आहे."

तो झाळलेला तांब्याचा गडू मी लहानपणापासून बघत आलोय. दसऱ्याला चिंचेनं घासलाही आहे. कुणी आणला, हे कधी विचारलं नव्हतं.

वहीत अक्का नाही. ती त्या दिवशी रामकुंडावर उभी होती, तरी नाही. आमच्या पानांवर लेकींची नावं नाहीतच. सुनांची आहेत, तीही सासरची. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे पणजीचं माहेर कुठलं आणि तिथे तिला काय म्हणत, याचा वहीवरून पत्ता लागत नाही. सगळ्यांच्या वह्या अशाच असतील असं म्हणणार नाही, काही घराण्यांत नोंदी सविस्तर असतीलही. पण अर्धं घर नसलेल्या कागदाला वंशावळ म्हणायला मला जड गेलं.

तिसरा मार्ग सरकारी कागदांचा: जुने फेरफार (जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी), गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंद म्हणजेच कोतवाल बुक. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधापासून ही नावं बऱ्याच घरांत माहीत झाली आहेत. दिवाळीत कचेऱ्या बंद, म्हणून ते काम नंतरचं. आमच्या कागदांत बहिणींची नावं आहेत ती १९५६ च्या वारसा कायद्यानंतरच्या वारस फेरफारात, आणि पुढे हक्कसोड पत्रात. जमिनीवरचा हक्क सोडताना तेवढं नाव लिहिलं गेलं, हे वाचताना वाईट वाटलं.

आत्याचं सगळं बिनचूक असतं असंही नाही. दोन चुलत भावांची लग्नं ती उलटसुलट सांगते, आणि सन विचारला की गप्प होते. सन विचारूच नका. गोदेच्या १९६९ च्या पुराआधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळात पोरं केवढी होती, असं विचारलं की वर्ष आपोआप लागतं. फराळाच्या गर्दीत मोबाइल पुढे धरला तर माणूस सभेत बोलल्यासारखं बोलतं. दुपारी, हाताला काही काम असताना, फोन बाजूला पालथा ठेवून रेकॉर्डिंग केलेलं माझं चांगलं आलं. गावाकडच्या नातेवाइकांना गाठायचं तर संध्याकाळी जा. छाटणीनंतर द्राक्षबागेत विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं) सुरू असतं, दिवसा कुणाला उसंत नसते.

म्हणून मला विचाराल तर भाऊबीज ते तुळशीचं लग्न एवढे दिवस आत्या, मावश्या, आजीसाठी ठेवावेत. मूळ गाव, जुनं आडनाव, कोण कुठे दिली, हे तिथेच मिळतं आणि त्यावर वहीतलं पानही लवकर सापडतं. मग मार्गशीर्षातल्या एखाद्या मधल्या वारी सकाळी रामकुंड. ज्याच्या घरी आता सांगणारं कुणी उरलेलं नाही, त्यानं अर्थातच थेट वहीकडे जावं.

मी तसाच मार्गशीर्षात तिसऱ्यांदा गेलो. भेट दिल्याची नवी नोंद करतात, तेव्हा गुरुजींना विचारलं, अक्काचं नाव घालता येईल का? त्यांनी नातं विचारलं, माहेरच्या नावानं लिहू ना म्हणाले, आणि लिहिलं. तिच्याखाली तिन्ही आत्या, माझी बहीण, माझी मुलगी. मग मी सही केली.