आईचा दवाखाना: मंगळवार पेठ की राजारामपुरी?

आईला बीपी आणि शुगर. वर्षभर कोल्हापुरातल्या या दोन्ही दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या.

मंगळवार पेठेतले डॉक्टर घरच्यासारखे. "काय काकू, गुडघा काय म्हणतोय?" म्हणत लगेच आत घेतात. पण बीपी मोजायचं ते आई जिना चढून धापा टाकत असताना, स्वेटरच्या बाहीवरूनच. साध्या सर्दीलाही अँटिबायोटिक. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि त्यांच्यावर ते चालतच नाही.

राजारामपुरीत तासभर ताटकळावं लागतं, फीही जास्त. पण तिथली सिस्टर आईला आधी 5 मिनिटं पाठ टेकून शांत बसवते. पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, मग उघड्या दंडाला पट्टा. दोनदा मोजून आकडे वहीत लिहिते. डॉक्टर चप्पल काढायला लावून तळपाय बघतात. शुगरमध्ये पायाची संवेदना कमी होऊ शकते, मग जखम झालेली कळतही नाही, हे मला तिथंच समजलं. एचबीएवनसी ही रक्ततपासणी करायला सांगतात, कारण त्यात मागच्या 2-3 महिन्यांची सरासरी साखर दिसते.

आईचा जीव अजून पेठेत गुंतलाय, आणि ते मला कळतं. तरी तिची फाईल आता राजारामपुरीतच राहणार.