कुस्त्यांच्या दंगलीचा दिवस: दारूची दुकाने बंद की वाहनतळावर बंदोबस्त?

खानदेशात यात्रेनिमित्त कुस्त्यांची दंगल भरते, तेव्हा आखाड्यापेक्षा गाड्या लावलेल्या शेतात दारू पिणाऱ्यांचा त्रास अधिक होतो, आणि त्यावर प्रशासनापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात.

पहिला मार्ग म्हणजे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 च्या कलम 142 खाली जिल्हाधिकाऱ्यांनी परवानाधारक दुकाने त्या काळापुरती बंद ठेवणे. असा आदेश काढणे सोपे असते. परंतु तो जिल्ह्याच्या हद्दीपुरताच चालतो. शिरपूरहून महामार्गाने सेंधव्याकडे निघाले की मध्य प्रदेश लागतो, आणि हातभट्टीची दारू तर कोणत्याही परवान्यावर अवलंबून नसते, त्यामुळे ज्याने आदल्या दिवशीच बाटली गाडीत ठेवली आहे, त्याला हा आदेश अडवू शकत नाही.

दुसरा मार्ग वाहनतळावरच पोलीस ठेवण्याचा आहे. सार्वजनिक जागी नशेत गैरवर्तन करणाऱ्यावर त्याच अधिनियमाच्या कलम 85 खाली कारवाई करता येते, आणि बाहेर पडणाऱ्या चालकाच्या 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याला मनुष्यबळ लागते, हे खरे. तरीही लेकराबाळांसह परतणाऱ्या कुटुंबांचा जीव जिथे धोक्यात येतो, तिथेच हा उपाय काम करतो. म्हणून एकच मार्ग निवडायचा झाल्यास मी बाहेर पडण्याच्या वाटेवर श्वासतपासणी यंत्रासह पोलीस आधी मागेन.