पाणी मोजून धुणं : कॅरॅव्हॅनमधलं छोटं वॉशिंग मशीन, काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घरासाठी, वॉशिंग मशीन घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण आधी किलो बघतात. तीनचं घ्यावं की साडेचारचं? काही महिने रोजच्या राहणीत वापरून माझं मत पक्कं झालंय, की किलो हा शेवटी बघायचा आकडा. आधी बघायचं पाणी किती लागतं, आणि लगेच त्यामागून, कपडे पिळून कसे निघतात. धुणं बादलीतही होतं. पण टॉवेल, जीन्स, चादर हाताने कितीही जोर लावून पिळली तरी तासन्‌तास निथळत राहते, आणि कॅरॅव्हॅनमध्ये निथळायला जागाच नसते.

आमच्याकडे आहे ते दोन टबांचं छोटं सेमी-ऑटोमॅटिक. एका बाजूला धुण्याचा टब, दुसऱ्या बाजूला स्पिनर, वर फिरवायच्या टायमरच्या खुंट्या. रिकाम्या मशीनचं वजन साधारण ११ किलो, एकट्याला सहज उचलता येतं. आम्ही तिघं आहोत आणि सलग कित्येक आठवडे कॅरॅव्हॅनमध्येच राहतो. ज्यांना शनिवार-रविवारच बाहेर पडायचंय त्यांनी मशीनच्या फंदात पडू नये, घरी आल्यावर धुवावं.

घेण्याआधी फ्रंट लोड मनात होतं. कपडे त्यात सगळ्यात स्वच्छ निघतात, ड्रायरसकटही मिळतं. पण त्याच्या पोटात ड्रमला स्थिर ठेवायला काँक्रीटचा ठोकळा असतो, त्यामुळे छोटं मॉडेलसुद्धा ५० किलोच्या आसपास जातं. ज्या कॅरॅव्हॅनला एकूण सामानासाठी दीडशे-दोनशे किलोचीच मुभा असते, तिथे पाव वाटा मशीननेच खाल्ला. शिवाय ड्रम स्प्रिंगवर लटकलेला असतो, म्हणून नेहमीचं घरगुती मॉडेल असेल तर हलवण्याआधी त्याचे ट्रान्सपोर्ट बोल्ट लावावे लागतात. दर मुक्कामाला बोल्ट काढा, निघताना पुन्हा लावा. आणि पाणी तापवायचा हीटर २००० वॅटच्या आसपास. कॅम्पसाइटवर ६ अँपिअरचा पॉइंट मिळाला तर २३० व्होल्टवर हातात १३८० वॅट येतात. हीटर सुरू झाला की ब्रेकर पडलाच. ड्रायरसकटच्या अनेक मॉडेल्समध्ये कपडे वाळवतानाही वाफ थंड करायला गार पाणी वाहत असतं. ज्यांच्या जागेला कायमचा नळ आणि कायमचं गटार जोडलंय त्यांच्यासाठी ते उत्तम. टाकीच्या पाण्यावर राहणाऱ्याला परवडत नाही.

वरून कपडे टाकायचं छोटं फुल-ऑटोमॅटिक हा मधला पर्याय. ते मी काही दिवस दुसऱ्यांच्या कॅरॅव्हॅनमध्ये जवळून पाहिलं. यंत्र चांगलं आहे, पण पाण्याचा निर्णय तुमच्या हातात राहत नाही. धुवायला नवं पाणी, खंगाळायला पुन्हा नवं, एका फेरीत ७०-८० लिटर सहज जातात. कॅरॅव्हॅनचा १२ व्होल्टचा पंप मशीन भरायला बराच वेळ घेतो, आणि मध्येच टाकी संपली तर पंप कोरडा फिरत राहतो नि मशीन अर्ध्यात अडकतं.

आता आमचं गणित सांगते, कारण ह्या मशीनचा सगळा फायदा त्यातच आहे. धुण्याच्या टबात १८ लिटर पाणी, अगदी थोडा लिक्विड साबण. पहिला घाणा आतले आणि फिक्या रंगाचे कपडे, दुसरा रंगीत, शेवटी जीन्स आणि पायपुसणी. तिन्ही घाणे त्याच साबणाच्या पाण्यात. दर घाणा धुतला की खंगाळायच्या आधी स्पिनरमध्ये फिरवून घ्यायचा. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि पाणी वाचतं ते नेमकं इथेच. कपड्यातलं साबणाचं पाणी पिळून बाहेर पडलं की खंगाळायला निम्मं पाणी पुरतं. साबणपाणी सोडून दिल्यावर त्याच टबात १२-१३ लिटर स्वच्छ पाणी घेऊन तिन्ही घाणे ओळीने खंगाळायचे, पुन्हा पिळायचे, आणि तेवढंच पाणी घेऊन आणखी एकदा. तीन घाण्यांना मिळून ४५ लिटरच्या आत काम होतं. दुसऱ्यांदा खंगाळलेलं पाणी बऱ्यापैकी नितळ असतं, ते आम्ही झाकणाच्या कॅनमध्ये ठेवतो. संध्याकाळी चिखलाचे बूट, चटया धुवायला ते कामी येतं.

साबणाबद्दल एक आग्रहाने सांगेन. डब्यावर लिहिलेल्या मापाच्या पाव भागाने सुरुवात करा. इतक्या छोट्या टबात फेस जास्त झाला तर तो घालवायला पाणी जातं, आणि पाणी हीच तर आपली अडचण. फार मळलेल्या कॉलर, बाह्यांना आधी हाताने साबण चोळून ठेवावा, मशीनवर सोडू नये.

स्पिनर. जाहिरातीत १३०० आरपीएम (मिनिटाला १३०० फेऱ्या) वाचून घरच्या मोठ्या मशीनइतकं कोरडं निघेल असं वाटतं, तसं होत नाही. कपड्यातून पाणी बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांवर अवलंबून असतो तसाच बास्केटच्या रुंदीवरही. ह्या बास्केटची त्रिज्या जेमतेम १० सेंटिमीटर. १३०० फेऱ्यांना गुरुत्वाकर्षणाच्या १९० पट जोर बसतो. घरच्या फ्रंट लोडचा ड्रम दुपटीहून रुंद असतो, तो १२०० फेऱ्यांतही ३५०च्या पुढे जातो. तरीही हाताच्या पिळण्यापुढे हा छोटा स्पिनर फार सरस ठरतो. सामान तोलायच्या लटकत्या काट्याला मी एक टॉवेल लावून पाहिला. कोरडा ५०० ग्रॅम, दोघांनी दोन टोकं धरून पिळलेला १२०० ग्रॅम, स्पिनरमधून तीन मिनिटांनी काढलेला ८५० ग्रॅम. म्हणजे दोरीवर ७०० ग्रॅम पाणी जाणार होतं त्याचं निम्मंच गेलं. पावसाळी हवेत कपडे आत वाळत घालावे लागतात तेव्हा हे निम्मं फार मोलाचं. कपड्यातलं पाणी आतल्या हवेतच येतं, रात्री खिडक्यांवर दव धरतं, आणि कपाटामागच्या प्लायवूडला बुरशी लागते. आत दोरी बांधली की छतावरची खिडकी बोटभर तरी उघडी हवीच, बाहेर कितीही गारठा असो.

स्पिनर भरण्यात थोडी कला आहे. ओले कपडे गोळा करून कोंबायचे नाहीत. बास्केटच्या कडेने गोल गोल दाबत बसवायचे, जड जीन्स तळाशी, हलकं वर, आणि शेवटी ती प्लॅस्टिकची जाळीदार चकती कपड्यांवर दाबून ठेवायची. चकती ठेवली नाही तर एखादा मोजा वर उडून बास्केट आणि बाहेरच्या भांड्याच्या फटीत जातो. सुरू केल्यावर धडधड आली तर हाताने मशीन दाबून धरू नका. थांबवून कपडे पुन्हा लावा.

कॅरॅव्हॅन समतल असणं ह्यासाठी गरजेचं आहे. आधी चाकाखाली रॅम्प घालून आडवी पातळी, मग पुढच्या चाकाने उभी पातळी, आणि शेवटी चार कोपऱ्यांचे पाय खाली. ते पाय गाडी स्थिर ठेवण्यापुरते असतात, त्यांच्यावर गाडी उचलू नये. पाय न सोडता आत स्पिनर लावला तर सस्पेन्शनमुळे अख्खी कॅरॅव्हॅन डोलते. आम्ही हवा चांगली असेल तर मशीन बाहेर, ऑनिंगखाली (कॅरॅव्हॅनला जोडलेल्या कापडी छपराखाली), सपाट फरशीवर रबरी मॅट टाकून चालवतो. त्या वेळी प्लग आणि एक्स्टेन्शनचा जोड जमिनीपासून उंच टांगलेला हवा आणि लाइन आरसीसीबीवरच (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) हवी. ओल्या हाताने खुंटी फिरवायचं हे यंत्र आहे, इथे तडजोड नको.

विजेला मशीन हलकं आहे. धुण्याची मोटर २५० वॅट, स्पिनर १४० वॅट. तिन्ही घाणे, खंगाळणं, पिळणं धरून इन्व्हर्टरच्या घटीसकट ३०० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून २५ अँपिअर-तास. साध्या १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मेच वापरावेत, म्हणजे हे त्या निम्म्यातलं निम्मं. ऊन असलेल्या दिवशी सकाळी धुतलं तर सोलर पॅनेल दुपारपर्यंत भरून काढतं. इन्व्हर्टर मात्र प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा हवा. स्वस्तातल्या मॉडिफाइड साइन वेव्हवर ह्या मोटरी घुमतात आणि तापतात. शिवाय सुरू होताना मोटर क्षणभर कित्येक पट वीज ओढते, म्हणून ३०० वॅटचा इन्व्हर्टर पुरत नाही. आमचा १००० वॅटचा आहे, त्याला कधी जड गेलं नाही.

पाणी बाहेर काढायला आमच्या मॉडेलला पंप नाही, ते उताराने जातं. त्यामुळे मशीन थोडं उंच हवं आणि सांडपाण्याचा चाकांचा डबा खाली. नळीच्या टोकाला जुना नायलॉनचा मोजा बांधलाय, त्यात दर धुण्याला कपड्यांतून सुटलेल्या करड्या तंतूंचा (लिंटचा) गोळा जमतो. तोच डब्यात गेला असता तर व्हॉल्व्ह तुंबला असता. आणि हे पाणी गवतावर किंवा ओढ्यात सोडायचं नाही, साबणाच्या बाटलीवर निसर्गात विरघळतो असं लिहिलेलं असलं तरी. सांडपाण्याच्या ठरलेल्या जागीच ओतायचं.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. सगळं होईपर्यंत कुणीतरी उभं राहावं लागतं, दीड तास जातोच. डबलबेडची चादर धुतली जाते पण टबाच्या तळाच्या फिरत्या चक्रीभोवती पिळा पडतो, मध्ये थांबवून सोडवावा लागतो. ब्लँकेटचं नाव काढू नका, ते लाँड्रोमॅटलाच न्यावं. धुण्याच्या टबातली लिंटची जाळी नावालाच आहे. आणि अलीकडे स्पिनरचं झाकण उघडल्यावर बास्केट थांबायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेते. ब्रेकची तार ताणली गेली की हे होतं आणि ती घट्ट करून घेता येते. तोवर बास्केट पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालायचा नाही, मुलांना तर जवळही येऊ द्यायचं नाही.

निघताना दोन्ही टब रिकामे करून, मशीन नळीच्या बाजूला कलतं करून राहिलेलं पाणी काढतो, आणि पट्ट्याने बांधून अ‍ॅक्सलच्या वर जमिनीवर ठेवतो. मागच्या टोकाला असं वजन ठेवलं तर वेगात कॅरॅव्हॅन शेपूट हलवल्यासारखी डोलायला लागते. मुक्कामी पोचलं की दोन्ही झाकणं उघडी ठेवतो, कुबट वास धरत नाही. थंडीत जिथे पाणी गोठतं तिथे नळी काढून पूर्ण निथळवायची, आणि पंप असलेलं मॉडेल घेतलं असेल तर पंपाच्या फिल्टरचं बूच उघडून तिथलं पाणीही सोडायचं. आत राहिलेल्या पाण्याचा बर्फ झाला तर पंपाचं प्लॅस्टिक फुटतं.