मळ्यातल्या घराला राखणीला कुठलं कुत्रं घ्यावं? शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर, कारवान की आपलं गावठी

मळ्यात घर बांधलं की राखणीला कुत्रं कुठलं आणायचं हा प्रश्न येतोच, आणि आमच्या जुन्नर भागात जो तो आपल्या दारातल्या जातीचं कौतुक सांगतो, विचारणारा आणखीच गोंधळतो. आमच्याकडे आधी जर्मन शेफर्ड होता, आता गावठी कुत्री आहे, डॉबरमन आणि रॉटवायलर भावकीत आहेत आणि कारवान मामाकडे जतला, त्यामुळे लिहितोय ते जवळून बघितलेलं आहे.

आधी एक पक्कं करा, राखणीच्या कुत्र्याचं खरं काम म्हणजे वेळेवर आवाज देणं. माणूस फाटकाशी आहे तेव्हाच घरातल्यांना जाग आली की झालं. चावरं कुत्रं पाळलं तर चोराच्या आधी दूधवाला, वायरमन आणि शेजारची पोरं सापडतात, मग इंजेक्शनं आणि भांडणं आपल्याच गळ्यात.

जर्मन शेफर्ड शिकवायला सगळ्यात सोपा, एकदा सांगितलेलं लक्षात ठेवतो, आणि त्याचा आवाज ऐकूनच अनोळखी माणूस फाटकाला हात लावत नाही. पण अंगावर केसांचा दुहेरी थर, एप्रिल-मेमध्ये दुपारी नुसता धापा टाकत पडून असतो, सावली, पंखा, गार पाणी लागतंच. खुब्याचं दुखणं या जातीत पिढीजात येतं म्हणून पिल्लू घेताना निदान त्याची आई चालताना बघा. आणि रोज तासभर फिरवायला माणूस पाहिजे, नाहीतर घेऊ नका.

डॉबरमन म्हणाल तर जातच राखणीसाठी तयार झालेली. जर्मनीत आपोल्डा गावात डॉबरमन नावाचा माणूस करवसुली करायचा, त्याला सोबतीला तिखट कुत्रं पाहिजे होतं, तिथून ही जात आली. चपळ आहे, कान कायम टवकारलेले, पण याला घरातली माणसं जवळ लागतात आणि केस आखूड असल्याने आमच्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत बाहेर कुडकुडतो. साखळीला बांधून ठेवायचा असेल तर डॉबरमन घेऊच नका, चिडका होतो.

रॉटवायलर हा ताकदीचा गडी, मोठा नर पन्नास किलोच्या वर जातो, पट्ट्याला हिसका दिला तर धडधाकट माणूस ओढला जातो. अनुभवी हातात चांगला आहे, पण पहिलंच कुत्रं असेल आणि घरात लहान पोरं, म्हातारी माणसं असतील तर माझं स्पष्ट मत, नको. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी आणायचं पत्र काढलं होतं त्यात हाही होता, नंतर कोर्टाने ते रद्द केलं, तरी आपल्या पालिकेचा किंवा सोसायटीचा नियम विचारूनच घ्या.

कारवान म्हणजेच मुधोळ. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जपली, ते गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, पण सांगली-सोलापूरकडे कारवान घरोघरी दिसतं. ही शिकारीची जात, नजरेवर पळणारी, ससा दिसला की बांध ओलांडून कधी गेलं कळत नाही. बरगड्या दिसतात म्हणून लोक खाऊ घालून घालून त्याला जाड करतात, तसं करू नका, त्याची ठेवणच तशी आहे. झोप सावध, परक्याला जवळ येऊ देत नाही, ऊन सोसतं. मोकळं रान असेल तर छान, पण कोंबड्या-शेरडं असतील तर लहानपणापासून त्यांच्यात वाढवायला लागेल. गुंठाभर अंगणात त्याला कोंडणं पाप आहे.

आता गावठी. माझं मत सरळ आहे, दहातल्या आठ घरांना हेच पुरतं. वीसेक किलोचं अंग, आपल्या हवेत मुरलेलं, आजारपण कमी, आणि आपली हद्द कुठून कुठपर्यंत हे त्याला शिकवावं लागत नाही. आमच्या गावठी कुत्रीचं, काळीचं, भुंकणं आता घरातल्या सगळ्यांना कळतं. माणूस आला तर सलग भुंकत फाटकाकडे जाते. साप असला तर दोन हात लांब उभी राहून तुटक तुटक भुंकते, पुढे जात नाही. आणि बिबट्या आला की भुंकतच नाही, दाराला चिकटून गुरगुरते, पाठीवरचे केस ताठ. तोटा म्हणाल तर रात्री कारण नसतानाही भुंकते आणि मोकळी सोडली तर भटकते, नसबंदी केल्यावर ते बरंच कमी झालं. मादीच घ्या असं मी सांगेन, नरापेक्षा कमी भटकते.

जात कुठलीही घ्या, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, पार्वोची (पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन जीवावर बेतणाऱ्या रोगाची) लस आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, पुढे दरवर्षी, आणि पावसाळ्यात गोचीड बघत जा.

आणि उसाच्या पट्ट्यात असाल तर हे नक्की वाचा. आमचा शेफर्ड शेरू रात्री अंगणात साखळीला होता, बिबट्याने तिथंच धरला, बिचाऱ्याला पळायलाही जागा नव्हती. आम्हीच बांधला होता. तेव्हापासून अंधार पडला की काळी आत, पडवीला लोखंडी जाळी, दिवसा शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचा पट्टा. आवाज जाळीच्या आतूनही तेवढाच येतो.