अमेरिकी साचा की भारतीय? संघराज्याचा मसुदा लिहिण्याआधी

अभिरूप, म्हणजे सरावासाठी भरवलेल्या, संविधान सभेच्या मसुदा समितीत पहिलं भांडण ठरलेलं: अध्यक्षीय पद्धत घ्यायची की संसदीय? हात वर करण्याआधी दोन मतदानं शेजारी ठेवून पाहा. १८६८ मध्ये महाभियोगात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांना दोषी ठरवून पदावरून काढण्याच्या बाजूने अमेरिकी सिनेटमध्ये ३५ मतं पडली, विरोधात १९. दोन तृतीयांशांना एक मत कमी पडलं आणि बहुसंख्य सिनेटरांना नकोसा झालेला माणूस पदावर राहिला. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असा पडला, आणि देश पुन्हा निवडणुकीला गेला. तिकडे काढणं महाकठीण, इकडे टिकणं.

यावरच समितीचे दोन दिवस जातात. कायदा राबवणार कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. अमेरिकेत केंद्राचे कायदे राबवण्यासाठी राज्यांच्या अधिकाऱ्यांना जुंपता येत नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात तसं बजावलंय. भारतात केंद्राचे बरेचसे कायदे राज्यांचे पोलीस आणि कलेक्टरच राबवतात, आणि कलम २५६ खाली केंद्र राज्यांना निर्देश देऊ शकतं. शिवाय राज्यपाल केंद्राच्या मर्जीतला. अमेरिकेत गव्हर्नरला लोक निवडून देतात. राज्यात राष्ट्रपती राजवट लावणाऱ्या कलम ३५६ च्या वापराला खरा लगाम बसला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने. राज्यांना खरंच मोकळीक द्यायची असेल, तर इथे अमेरिकी साचा सरस.

कोर्टांच्या बाबतीत मी भारताकडे झुकतो. अमेरिकेत दोन उतरंडी आहेत, केंद्राची वेगळी, राज्यांची वेगळी. राज्याच्या कायद्याचा अर्थ राज्याचंच सर्वोच्च न्यायालय लावतं आणि तो शेवटचा. भारतात कायदा कुणाचाही असो, शिडी एकच. आपला दावा कुठल्या दारात न्यायचा, ही पक्षकाराची पंचाईत त्यामुळे बरीच कमी होते. वरच्या पायरीवर ढीग साचतो, हे मान्य.

न्यायाधीश नेमण्याची रीत मात्र दोघांचीही उचलू नये. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मंजूर करते आणि खुर्ची तहहयात. भारतात सर्वोच्च न्यायालयात वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्ती, पण नावं न्यायवृंद, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचंच मंडळ, ठरवतो. सरकारलाही वाटा देणारा नियुक्ती आयोग २०१५ मध्ये न्यायालयानेच रद्द केला. त्यापेक्षा जर्मनीकडे पाहा. तिथल्या घटना न्यायालयात १६ न्यायाधीश असतात. निम्मे बुंडेस्टाग (लोकांनी निवडलेलं सभागृह) निवडतं, निम्मे बुंडेसराट (राज्यांचं सभागृह). मुदत १२ वर्षं, तीही एकदाच.

जर्मनीकडूनच आणखी एक कलम उचला. चॅन्सेलरला, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाला, संसदेने हटवायचं तर त्याच ठरावात त्याच्या जागी दुसरा निवडावा लागतो. १९८२ मध्ये श्मिट जाऊन कोल आले ते असेच. १९९९ मध्ये विरोधकांना पर्यायी सरकार जमवता आलं नव्हतं. असं कलम असतं, तर ते एक मत सरकार पाडायला पुरलं नसतं.